कोयनेच्या पाण्याशी ओळख

मैत्रिणींनो, आम्हा सांगलीकर बायकांना काही शब्द पाळण्यातच शिकवतात की काय, असं मला कधीकधी वाटतं. क्युसेक, टीएमसी, विसर्ग, इशारा पातळी! तुमच्याकडे श्रावणात बायका मेंदीचं नि मंगळागौरीचं बोलत असतील. आमच्याकडे सकाळी दूध घेताना पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती झालं हो?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा १९२९ सालचा पूल. तिथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर गेलं की धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनासुद्धा पाठ असतं. मग लगेच दुसरा प्रश्न, "आणि कोयनेतून किती सोडलंय?"

कोयना म्हणजे आमच्या लेखी दूरवर डोंगरात राहणारी एक तापट आत्याबाई. तिचा राग कधी चढेल नि ती कधी दारात येऊन उभी राहील, ह्याचा नेम नाही. २००५ साली ती आली, २०१९ ला आली, २०२१ ला पुन्हा आली. त्यातलं २०१९ चं येणं तर कुणीच विसरणार नाही. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं खालचं घर, म्हणजे कपाटं, गाद्या, धान्याचे डबे, माझ्या लग्नातले शालू, सगळं पाण्याखाली! आम्ही वरच्या मजल्यावर तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी होडीतून बाहेर पडलो.

त्या होडीत कसं बसायचं, हेच आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. होडी जरा कलली की सगळ्या जणी दुसऱ्या बाजूला सरकायच्या. वल्हवणारा मुलगा जेमतेम विशीचा. तो घसा फोडून ओरडत होता, "मावशी, खाली बसा! मधोमध बसा! उठू नका!" आम्ही सुखरूप उतरलो. पण त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि बायका-मुलं बुडाली. ती बातमी ऐकली तेव्हा माझ्या हातातला कप गळून पडला होता.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. पुरानंतर ती घाटावर यायलाच तयार होईना. दत्ताच्या दर्शनाला औदुंबरला नेलं, तर नदी दिसताच माझ्या पदरात तोंड लपवून बसली. मोठी होईल तशी भीती जाईल, असं सगळे म्हणायचे. पण ती दहा वर्षांची झाली तरी पावसाची सर जोरात आली की दप्तर उचलून जिन्यात जाऊन बसायची. सासूबाई म्हणायच्या, "असू दे. पाण्याला भिते हे चांगलंच आहे. पाण्याशी चेष्टा नको."

मी इथल्या एका शाळेत अर्धा वेळ शिकवते. मराठी आणि भूगोल. कृष्णेच्या उपनद्या मुलं घडाघडा म्हणतात, वेण्णा, कोयना, वारणा, पंचगंगा. एकदा मी वर्गात विचारलं, पोहायला कोणाकोणाला येतं? मुलांचे दहा-बारा हात वर झाले. मुलींचा एक. नदीच्या काठावर जन्म गेला तरी मुलींना पाणी नुसतं पायरीवरून दाखवायचं, आणि पुढं पाऊल टाकलं की धपाटा घालायचा, ही आपली रीत. मला वाटू लागलं की पाण्याचा धाक मुलीला जरूर असावा. पण धाक वेगळा आणि भीती वेगळी. चुलीचा धाक आपण लेकीला शिकवतोच की! ओचा सावर, फडक्यानं धर, वाफ अंगावर घेऊ नकोस. पण चुलीजवळ येऊच नकोस असं काही आपण म्हणत नाही. मग पाण्याच्या बाबतीतच असं का?

पण ही ओळख करून द्यायची कुठं? आमच्या घाटाजवळ ते जमण्यासारखं नाही. कृष्णेला ओढ आहे, आणि भिलवडी, औदुंबर ते सांगली ह्या पट्ट्यात मगरी आहेत, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचतच असाल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही भिशीच्या मैत्रिणी जमलो होतो, तेव्हा हा विषय निघाला. दर वर्षी भिशीच्या पैशांतून आम्ही कुठं तरी जातो. त्यातली एक साताऱ्याची माहेरवाशीण. ती म्हणाली, "मग बामणोलीला चला ना! तळ्यावर तंबूत राहू, होडी चालवू, दुसऱ्या दिवशी वासोटा चढू."

बामणोली म्हणजे कोयनेचंच पाणी! ज्या आत्याबाईच्या धाकानं आम्ही पावसाळाभर जागतो, तिच्याच घरी पाहुणचाराला जायचं! मला तर ते एकदम पटलं.

घरात मात्र वादळ उठलं. "आणि आमच्या डब्याचं काय?" हा ह्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "कुकर लावायचा, शिट्ट्या मोजायच्या." सासूबाईंचा विरोध जास्त खोल होता. त्यांचं माहेर कराडकडचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या लहान होत्या. फडताळातली भांडी अंगावर कोसळली नि वडिलांनी सगळ्यांना अंगणात ओढून काढलं, ते त्यांना अजून आठवतं. "त्या धरणाच्या काठी तंबूत झोपायचं? आणि बायका-बायकांनी? बरोबर पुरुषमाणूस कोणी नाही?" दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःची पिशवी भरून ठेवली आणि म्हणाल्या, "नातीला सांभाळायला कोणी नको का? मी येते." माझ्या मनात आलं, चला, हेही काही कमी नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही निघालो. सहा मैत्रिणी, सासूबाई आणि तीन मुली. सांगलीहून सातारा साधारण सव्वाशे किलोमीटर. वाटेत कराडला प्रीतिसंगमावर थांबलो. महाबळेश्वरच्या डोंगरात कृष्णा आणि कोयना दोघी उगम पावतात, वेगवेगळ्या वाटांनी उतरतात आणि कराडला अगदी समोरासमोर येऊन एकमेकींना मिठी मारतात. कोयना आधी सरळ दक्षिणेला धावते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळून कराडला येते. मुलींना म्हटलं, "हे बघा, इथून पुढं ह्या दोघी मिळून आपल्या घरी येतात." माझी मुलगी वरच्या पायरीवरूनच बघत होती.

साताऱ्याहून कासच्या पठारावरून रस्ता बामणोलीला उतरतो. कासची फुलं पावसाळ्याच्या शेवटी असतात, आम्हाला सुकलेलं गवतच दिसलं. पण घाटातलं एक वळण घेतलं आणि खाली शिवसागर! निळंशार पाणी, त्यात डोंगरांच्या सोंडा शिरलेल्या, जणू गाई पाण्यावर आल्या आहेत. हे पाणी धरणाच्या भिंतीपासून पन्नासेक किलोमीटर मागं पसरलेलं आहे. धरणात एकूण १०५ टीएमसी पाणी मावतं. हा आकडा आम्हाला पाठ होता, पण तो असा दिसतो, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "एवढं सगळं वर साठवून ठेवलंय होय!"

तळ्याकाठी एका शेतकरी कुटुंबानं तंबू लावून दिले होते. जाण्यापूर्वीच आम्ही एक ठराव केला होता, सहलीत स्वयंपाक करायचा नाही! नाही तर आपल्या सहली म्हणजे काय, घरचं स्वयंपाकघर उचलून झाडाखाली मांडायचं, पुरुषांनी नि मुलांनी हुंदडायचं आणि आपण पुऱ्या तळत बसायचं. तिथल्या घरधनिणीनं आम्हाला तांदळाची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत आणि लसणीची चटणी करून वाढली. पैसे देऊन का होईना, दुसरीच्या हातचं गरम जेवण पाटावर बसून जेवण्यात काय सुख असतं, ते तुम्हाला काय सांगू!

दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही पाण्याकडे गेलो. तिथं कयाक म्हणून लहानशी, उथळ, दोघांनी बसायची होडी मिळते. दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच लांब वल्हं, एकदा डावीकडं मारायचं, एकदा उजवीकडं. शिकवणारा मुलगा समजूतदार होता. आधी त्यानं सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं, पट्टे आवळले आणि प्रत्येकीचं जॅकेट खांद्याला धरून वर उचलून पाहिलं. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं, तर ते सैल आहे, पाण्यात निसटेल. मग त्यानं काठावर कोरड्या जमिनीवरच होडीत बसवलं. पाय किंचित वाकवून पुढं, पाठ ताठ, वजन मधोमध. उभं राहायचं नाही. वाकून काही उचलायचं नाही. आणि उलटलीच, तर पोहत काठाकडं जायचा प्रयत्न करायचा नाही, होडीला धरून राहायचं. होडी बुडत नाही, ती तरंगत राहते.

मला २०१९ मधला तो होडीवाला मुलगा आठवला. खाली बसा, मधोमध बसा. अगदी हेच तर तो सांगत होता! कोरड्या जमिनीवर ते शिकायला दहा मिनिटं पुरतात. वाहत्या पुरात ते कसं शिकणार?

मी पुढं बसले, माझ्यामागं आमच्यातली एक मैत्रीण. पहिली दहा मिनिटं होडी जागच्या जागी गोल फिरत होती नि काठावरच्या खो खो हसत होत्या. मग मेळ बसला. पुढचीनं लय धरायची, मागचीनं दिशा सांभाळायची. काठापासून तीस-चाळीस हातांवरच आम्ही फिरत होतो, पण मी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पाणी मागं ढकलून पुढं गेले. आजवर पाणीच आम्हाला ढकलत आलं होतं.

मुलगी काठावर आजीचा पदर धरून उभी होती. मी तिला बोलावलं नाही. नुसतं पायांनी पाणी उडवून दाखवलं. तिच्या दोन मैत्रिणी बसून फिरून आल्या, तरी ती हलली नाही. संध्याकाळी मात्र गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, तीसुद्धा माझे दोन्ही हात घट्ट धरून.

रात्री कडाक्याची थंडी पडली. शेकोटीभोवती बसलो होतो, तेव्हा घरधनीण येऊन टेकली. म्हणाली, "आमचं जुनं गाव हितंच खाली हाय, ताई. सासूबाई सांगायच्या, भाताची खाचरं व्हती, देऊळ व्हतं. उन्हाळ्यात पाणी लई उतरलं की दगडं दिसत्यात." साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरण झालं, तेव्हा ह्या खोऱ्यातली कितीतरी गावं उठली. काही कुटुंबं सोलापूर, रायगड, ठाणे जिल्ह्यांत गेली, काही आमच्या सांगली जिल्ह्यातही आली. जी काठावर वर सरकून राहिली, त्यांना बाजार, दवाखाना, शाळा, सगळ्यासाठी लाँच. मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "भिऊन कुठं जायाचं? वारं उठलं की निघत न्हाई. वारं बसलं की निघतो."

ती गेल्यावर सासूबाई एकाएकी बोलू लागल्या. "आम्ही लहानपणी संगमावर जायचो. भावांना वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकवलं. मी तिसऱ्या पायरीवर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. मी एकदा म्हटलं, मलाही बांधा डबा. आई म्हणाली, तुला काय करायचंय? तुला सासरी जायचंय." थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "सासर नदीकाठीच मिळालं. पुरात होडीत बसले, तेव्हा तो डबा आठवला होता."

कोणी काही बोललं नाही. माझी मुलगी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून जागीच होती.

सकाळी तळ्यावर धुकं होतं आणि पाणी आरशासारखं स्थिर. वारा सुटण्यापूर्वीची ही वेळ नवशिक्यांना सर्वांत चांगली. मी जॅकेट घालत होते, तोच मुलगी येऊन उभी राहिली. "आई, मी तुझ्यापुढं बसू?" तिच्या जॅकेटचे पट्टे सासूबाईंनी बांधले आणि त्या मुलानं दाखवलं होतं तस्सं खांद्याला धरून वर उचलून पाहिलं. आम्ही मायलेकी वीस मिनिटं फिरलो. पहिली पाच मिनिटं तिनं वल्ह्याला हातच लावला नाही, होडीच्या कडा पकडून बसली होती. मग एक हात सुटला, मग दुसरा. परत काठाला लागलो, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई, हे पाणी आपल्याकडे येतं ना? मग ते रागावलेलंच येतं असं नाही."

त्यानंतर वासोटा. वनखात्याची परवानगी काढून, ओळखपत्रं दाखवून लाँचनं तासा-दीड तासात पलीकडच्या किनाऱ्याला मेट इंदवलीला उतरलो. तिथं बरोबरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या नि पिशव्या मोजून घेतात आणि परत येताना पुन्हा मोजतात. ही पद्धत मला फार आवडली, आपल्या शाळांच्या सहलींनाही लावायला हवी! हे सगळं जंगल १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आहे. वाट दाट झाडीतून, सावलीची, पण चढ दमवणारा. दोन-अडीच तास लागतात. सासूबाई नि एक मैत्रीण खालीच थांबल्या. वर वाड्याचे पडके अवशेष, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी आणि बाबूकड्याची छाती दडपणारी दरी.

ह्या किल्ल्याची एक गोष्ट मात्र आपल्या मुलींना सांगितलीच पाहिजे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पेशव्यांचा नामांकित सेनापती बापू गोखले वासोट्यावर चालून आला, तेव्हा हा किल्ला लढवला तो ताई तेलिणीनं. प्रतिनिधींच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या ह्या बाईनं कित्येक महिने त्याला झुंजत ठेवलं. वर बसून ते सांगताना मुली माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

आता तुमच्यापैकी कोणी जाणार असेल, तर थोडी घरगुती माहिती. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते. किल्ल्यावर मुक्काम करू देत नाहीत, दिवस मावळायच्या आत परत फिरावं लागतं, म्हणून सकाळी लवकर निघा. राहायचं ते तळ्याकाठच्या गावांत. बामणोलीला किंवा महाबळेश्वरच्या बाजूनं तापोळ्याला सोय होते. मुनावळ्यालाही २०२४ मध्ये सरकारनं जलपर्यटन केंद्र सुरू केलं आहे. जागा ठरवताना संडास-न्हाणीघर कसं आहे, हे फोनवर आधी स्पष्ट विचारा, त्यात लाजू नका. होडीत साडी नको, ओली झाली की पायांत गुंतते. सलवार-कमीज घाला नि ओढणी काठावर ठेवा. चपलेऐवजी पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट बरे. एक जादा कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. रात्रीसाठी स्वेटर, कानटोपी, विजेरी. डोंगर चढताना दशम्या, गूळ-शेंगदाणे आणि लिंबाचं सरबत. माणशी दोन बाटल्या पाणी. सगळीकडे मोबाइल लागत नाही, तेव्हा केव्हा परतणार ते घरी आधीच सांगून ठेवा. आणि लाइफ जॅकेट नाही म्हणाले, किंवा आहे पण बक्कल तुटलेलं आहे, तर होडीत पाऊल ठेवू नका. पैसे गेले तरी चालतील. पोहायला येतं म्हणून तळ्यात उड्याही मारू नका. तळाशी गाळ आहे, जुनी खोडं आहेत, काठ एकदम खोल होतो. आम्ही पोहायला शिकतो आहोत, ते गावातल्या तलावात, शिकवणाऱ्या बाईंच्या नजरेखाली.

हो, शिकतो आहोत! परत आल्यावर पोहण्याच्या वर्गाची चौकशी सासूबाईंनीच केली. मुलीला घेऊन आठवड्यातून तीनदा त्याच जातात, बाकावर बसून टॉवेल सांभाळतात. मी रविवारी जाते. माझं अजून नीट जमत नाही, कडेला धरून पाय मारते. मुलीला मात्र आता कडेची गरज लागत नाही.

पूर काही थांबणार नाही, मैत्रिणींनो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आयर्विनचे आकडे विचारू, सामान वर चढवू, वेळ आली तर घर सोडू, आणि वेळेवर सोडू. कारण पाणी ओळखणारी बाईच ते कधी अंगावर येईल हे आधी जाणते. पण होडीत बसायची पाळी आलीच, तर आमच्या घरातल्या तिघी जणी खाली बसतील, मधोमध बसतील आणि दुसऱ्यांनाही बसवतील. तुमच्या गावाला नदी असेल, तळं असेल, नाही तर नुसती मोठी विहीर असेल. तिथल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन आपल्या लेकीची त्या पाण्याशी ओळख करून द्या. आणि तिच्याबरोबर तुम्हीही उतरा!